पाच धड्यांची सरस्वती

पळीतलं पिवळं पाणी कागदावर पडलं आणि सोसायटीच्या गोदामात दाटीवाटीनं बसलेली दीड-दोनशे माणसं एकदम गप्प झाली.

कागद कोरा होता. अक्षरानंद महाराजांनी तो आधी दारातल्या उन्हात धरून दाखवला होता, मग उलटा करून दाखवला होता, मग पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या हातात देऊन, "बघा बाबांनो, कुठं काही आहे का," असं विचारलंही होतं. म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय छापलेलंही दिसत नव्हतं, पण त्यांनी "काय न्हाय, काय न्हाय" अशी ग्वाही दिली. मग कागद ताम्हणात गेला, त्यावर पळीभर तीर्थ पडलं आणि पिवळ्या होत चाललेल्या कागदावर लाल रेघा दिसायला लागल्या. आधी एक आकडा. मग दुसरा. बघता बघता सगळी ओळ तयार झाली.

"विज्ञान!" महाराजांनी खर्जात वाचलं. "धडा दुसरा, पाचवा, नववा, बारावा आणि सोळावा!"

"सरस्वतीमातेचा विजय असो!" मागून कुणीतरी ओरडलं. बायांनी जागच्या जागी हात जोडले.

ज्याच्यासाठी सरस्वतीनं एवढे कष्ट घेतले, तो बब्रुवान खाली मान घालून ताम्हणापुढं बसला होता. आमच्या शाळेतला हा सगळ्यात अनुभवी विद्यार्थी. दहावीत त्याचं हे तिसरं वर्ष. त्याचे वडील आण्णासाहेब सोसायटीचे चेअरमन होते आणि आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिवही. महाराजांना माळसांगवीत आणलं त्यांनीच आणि गोदाम मोकळं करून दिलं तेही त्यांनीच. मोकळं करण्यासारखं फारसं काही नव्हतंच म्हणा. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. गोदामात युरियाचा वास तेवढा उरला होता, त्यात आता उदबत्तीचा मिसळला.

ही गोष्ट १९८६ सालच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा कळंब तालुक्यातल्या या गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. बिभीषण सर म्हणून मला सगळे ओळखत. विज्ञानाचे सर दिवाळीत नोकरी सोडून गेले, तेव्हा आण्णासाहेब म्हणाले, "पुस्तक मराठीतच हाय ना? मग शिकवा की." तेव्हापासून विज्ञानही माझ्याच गळ्यात. मी स्वतःला बुद्धिवादी समजत होतो. पण माझी नोकरी आण्णासाहेबांच्या मर्जीवर असल्यामुळं माझा बुद्धिवाद घरच्या घरी, बायकोपुढं चालायचा. गोदामात मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि विजय असो म्हणताना माझेही ओठ हलले होते. ते आधीच सांगून टाकतो.

महाराज कर्नाटकाकडचे, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. गोरा रंग, भगवी लुंगी, गळ्यात स्फटिकाची माळ आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण अडाणी आहोत याचाच आनंद व्हावा.

"बाळांनो, मेंदूत कप्पे किती? पाच!" ते पाच बोटं दाखवून सांगायचे. "पाच कप्पे, पाच धडे. सहावा धडा आत ढकलला की पहिला कानावाटे बाहेर पडतो. हे शास्त्र आहे! अमेरिकेत आत्ता कळलं, आपल्या ऋषींना पाच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं."

"तरीच!" आपल्या पोराच्या कानाकडं बघत एक बाप म्हणाला.

म्हणून प्रत्येक मुलानं महाराजांच्या गठ्ठ्यातला एक मंत्रवलेला कागद घ्यायचा. देवी त्यावर तिच्या पसंतीचे पाच धडे लिहून देणार. परीक्षेत तेवढेच येणार. उरलेले धडे डोळ्यांपुढं आले तर बुद्धी फाटते, म्हणून पुस्तकाची ती पानं लाल दोऱ्यानं शिवून टाकायची. महाराज पैशाला हात लावत नव्हते. ज्याच्या घरी जेवढी असेल तेवढी ज्वारी मात्र कोपऱ्यातल्या पोत्यात पडत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हणालो, "पान ऐंशी काढा."

"सर, आमचं शिवलंय," अकरा मुलं एका सुरात म्हणाली.

हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. त्या वर्षी गावात पिकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दहावीची तेवीस पोरं. कुणाला डी.एड. करायचं होतं, कुणाला पोलिसात जायचं होतं, कुणाला साखर कारखान्यात चिकटायचं होतं. नापास झालं तर बापाच्या शेजारी उभं राहून खडी फोडायची. अशा पोरांना सतरा धड्यांऐवजी पाचच पुरतात असं कुणी सांगितलं, तर ती धावणारच. आठवडाभरात तेवीसच्या तेवीस पुस्तकं शिवून झाली.

चोविसावं पुस्तक पुतळाबाईचं होतं.

पुतळाबाई वर्गात बसत नव्हती. वय तिशीचं, पदरात दोन लेकरं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली होती. नवरा श्रीपती ऊसतोडीला गेलेला, त्यामुळं घर तिच्यावर आणि सासूवर. पाझर तलावाच्या कामावर ती रोजगार हमीची माती वाहायची. दुपारी बाया भाकरी खाऊन बाभळीखाली आडव्या झाल्या की ही पुस्तक काढायची. काम सुटलं की तशीच धुळीनं भरलेली शाळेत येऊन अडलेलं विचारायची. गावाला अंगणवाडी मंजूर झाली होती आणि तिथली ताई दहावी पास असायला हवी होती.

"पाट्या उचलून उचलून डोस्क्यावरचे केस गेले, सर," ती म्हणायची. "आता आत काय शिल्लक हाय का बघावं मनलं."

त्या आठवड्यात ती आली ती पुस्तक न उघडताच बसली.

"सर, खरं सांगू का? सतरा धडे मला झेपंनात. रात आली की डोळे मिटत्यात. पाच झेपत्याल. म्या जाऊ का गोदामात?"

मी तिला काय सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं. दारातून आण्णासाहेबांचा गडी जाताना दिसला आणि मी म्हणालो, "बघा पुतळाबाई, ज्याची त्याची श्रद्धा."

घरी सासूनं, बनाबाईनं, माझ्यापेक्षा बरं उत्तर दिलं. त्यांचं कुटुंब धर्मांतराच्या साली बौद्ध झालेलं. बनाबाई तेव्हा नवी सून होती.

"आमी घरातले समदे देव नदीला सोडले," ती म्हणाली, "आन् तू आता कागदातली देवी हुडकायला निघालीस व्हय?"

"आत्याबाई, परीक्षा तुमाला द्यायची न्हाय."

"म्हणूनच माझं डोस्कं ठिकाणावर हाय."

तरी पुतळाबाई गुरुवारी गेली. तिला रांगेत सगळ्यात शेवटी बसवलं. तिची पाळी आली तेव्हा महाराजांनी कागद ताम्हणात न ठेवता खाली फरशीवर ठेवायला सांगितला आणि शिवाशिव होऊ नये म्हणून हात लांब करून वरूनच पळी ओतली. वरून ओतलेलं पाणी सरळ कुठं पडतं? अर्धं कागदावर पडलं आणि अर्धं तिच्या लुगड्यावर. कागदावर अक्षरं उमटली: धडा पहिला, चौथा, आठवा, तेरावा, पंधरावा. पुतळाबाईनं ती डोळ्यांना लावली आणि घरी जाऊन उरलेले बारा धडे शिवून टाकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला शांत झोप लागली, असं तिनं मला पुढं सांगितलं.

रविवारी कामाला सुट्टी होती. टँकरच्या पाण्यातला एक हंडा वाचवून ती धुणं घेऊन बसली. लुगड्यावरच्या पिवळ्या डागाला साबणाची वडी लावली आणि डाग लाल झाला.

यात नवल काहीच नव्हतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तिनं लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं. पण आज तिचा हात थांबला. तो लाल रंग तिनं तीन दिवसांपूर्वी कागदावर पाहिला होता. अगदी तोच. आणि हळद, साबण, लाल हे तीन शब्द एका ओळीत तिनं कुठंतरी वाचलेही होते. पाठ करताना त्या ओळीचा आणि आपल्या धुण्याचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

ओले हात पुसून ती उठली. पुस्तक काढलं. अकरावा धडा शिवलेला होता. तिनं विळा घेतला आणि दोरा कापला.

"का गं?" उंबऱ्यात बसलेल्या बनाबाईनं विचारलं. "देवीची शिवण उसवली?"

"व्हय आत्याबाई. देवी माझ्या धुण्यातच घावली बगा."

सोमवारी संध्याकाळी ती शाळेत आली तेव्हा तिच्या हातात पुस्तक, हळकुंड आणि कागदात बांधलेली एक पुडी होती.

"सर, आम्ल आन् आम्लारी. अकरावा धडा. हे वाचा."

मी वाचलं. हळदीचा रंग आम्लारीच्या सान्निध्यात लाल होतो. साबणाचं पाणी, चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा ही आम्लारी द्रावणं होत. महिन्यापूर्वी मीच हा धडा वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला होता.

आम्ही दार लोटून घेतलं. आधी माझ्या खिशातल्या डबीतला चुना तिनं बोटानं कागदावर ओढला आणि वाळू दिला. उगाळलेल्या हळदीचं पाणी टाकल्यावर रेघ लाल झाली.

"पर ह्यो खरबरीत लागतोय," ती कागदावर बोट फिरवत म्हणाली. "महाराजांचा कागद गुळगुळीत होता. त्येनी चुना न्हाय वापरला."

मग तिनं पुडी सोडली. आत धुण्याचा सोडा होता. तो पाण्यात विरघळवून काडीनं कागदावर एक अक्षर काढलं. वाळल्यावर कागद कोरा. हाताला काही लागत नव्हतं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. वर हळदीचं पाणी पडलं आणि ठसठशीत लाल "पु" उभा राहिला. पुतळाबाई हसली नाही. 

"सर, म्या ह्याला हात जोडले वो," ती म्हणाली.

"आपण असं करू," मी घसा साफ करत म्हणालो. "परीक्षा होऊन जाऊ द्या. मग आण्णासाहेबांना निवांत वेळ बघून..."

"परीक्षा झाल्यावर सांगून काय उपेग? तेवीस लेकरांनी पुस्तकं शिवून टाकलीत. तुमी गोदामात येऊ नगा सर, तुमची नोकरी हाय. माझी पाटी कोण काढून घेतंय?"

ती गेल्यावर मी एकटाच त्या लाल अक्षरापुढं बसून राहिलो. गुरुवारी मी गोदामात गेलो. बसलो मात्र दाराजवळ.

त्या दिवशी गणिताचा कौल होता. आपली पाळी यायची वाट न बघता पुतळाबाई उठून पुढं आली.

"महाराज, मलाबी गणिताचे धडे पायजेत."

"मिळतील, बाई, मिळतील. घे कागद." महाराजांनी गठ्ठा दाखवला.

"कागद हाय माझ्यापाशी. माझ्या वहीचा."

"अगं, देवीला मंत्रवलेला कागद लागतो."

"मग ह्यो मंत्रवा की. आमी थांबतो."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आण्णासाहेबांनी वळून पाहिलं. "पुतळाबाई, महाराजांचा वेळ घालवू नको."

पण महाराज गडी धीराचे. त्यांनी डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि तिनं फरशीवर ठेवलेल्या कागदावर हात लांब करून वरूनच पळी ओतली. कागद पिवळा झाला. सगळीकडून सारखा पिवळा झाला आणि तसाच राहिला.

सगळे वाट बघत होते. महाराजांनीही थोडी वाट बघितल्यासारखं केलं. मग मान हलवली.

"कागद अशुद्ध आहे. कुठल्या घरातून आला, कुठल्या हातातून आला..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तिथं देवी कशी उतरेल?"

ते अर्धं वाक्य सगळ्यांना पुरतं कळलं होतं. पुतळाबाईचा चेहरा पडला नाही, पण पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलेलं मला दाराजवळूनही दिसलं. मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून कमलबाई उठल्या. कमलबाई म्हणजे आण्णासाहेबांच्या पत्नी, बब्रुवानची आई.

"मग माझ्या घरचा कागद घ्या, महाराज. आज माझा गुरुवार हाय. पहाटं न्हालीय, तोंडात पाण्याचा थेंब न्हाय. बब्या, वहीचं पान फाड."

"तुम्ही खाली बसा," आण्णासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"बसते. कागद हुं द्या."

कमलबाईंना महाराजांची शंका आली होती असं नाही. उलट त्यांचा पुरता विश्वास होता. आपल्या सोवळ्यातल्या कागदावर अक्षरं येणारच, याची त्यांना खात्री होती. महाराजांना मात्र तशी खात्री दिसली नाही. ते म्हणाले, "माते, देवी एका दिवसात किती वेळा..." पण बब्रुवाननं पान ताम्हणात ठेवलंसुद्धा. सगळ्यांच्या नजरा पळीवर. नाइलाजानं पळी ओतली गेली.

पिवळा. अगदी पहिल्यासारखाच पिवळा.

कमलबाई कागदाकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं घरबी बाटलेलं हाय व्हय, महाराज?"

महाराज उत्तर द्यायच्या आत पुतळाबाईनं पिशवीतून दुसरा कागद काढला. "आता ह्यो बगा. ह्योबी माझ्याच घरचा हाय." तिनं तो ताम्हणात ठेवला आणि तीर्थाची पळी स्वतःच उचलली. एरवी त्या पळीला तिचा हात लागला असता तर गोदामात काय झालं असतं ते सांगायला नको. त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सगळे कागदाकडं बघत होते.

लाल अक्षरं उमटली. आकडे नव्हे, चांगली ओळ होती. जवळ बसलेल्या बब्रुवाननं ती वाचली, आणि मी त्याला शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदाच न अडखळता वाचली:

"महाराज, अकरावा धडा वाचा."

मग कुणाला तरी हसू फुटलं आणि ते गोदामभर पसरलं. चष्म्याशिवाय कोरा कागद तपासून ग्वाही देणारे म्हातारेसुद्धा हसले.

"देवीनं लिहिलं का गं?" एकीनं विचारलं.

"म्या लिहिलं. काडीनं, सोड्याच्या पाण्यानं." पुतळाबाई बायांकडं वळली. "बायांनो, हळदीच्या डागाला साबण लावला की काय हुतंय?"

"लाल!" साठ-सत्तर बाया एकदम म्हणाल्या आणि म्हटल्यावर एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मग झालं तर. तेवढंच हाय. कागदावर आधी सोडा, वरून हळदीचं तीर्थ. आपण रोज दगडावर करतो त्ये ह्येनी ताम्हणात केलं."

कोपऱ्यात कोंडिबा नावाचा एक शेतकरी बसला होता. त्याची मुलगी जगदेवी माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार. तो उभा राहून म्हणाला, "अक्षरं सोड्याची असत्याल. पर आकडे तर देवीचेच असत्याल का न्हाय? पेपरात काय येणार त्ये ह्येस्नी कसं ठावं?"

प्रश्न चोख होता. आणि याचं उत्तर पुतळाबाईनं नव्हे, मी द्यायला हवं होतं. आठवडाभर मुलांच्या चिठ्ठ्या मी वर्गात बघत होतो. मी दाराजवळून उठलो.

"पोरांनो, विज्ञानाच्या चिठ्ठ्या इकडं आणा."

बऱ्याच जणांनी त्या पुस्तकात जपून ठेवल्या होत्या. मी त्या जमिनीवर मांडल्या. बब्रुवानला दुसरा, पाचवा, नववा. जगदेवीला तिसरा, सहावा, दहावा. पुतळाबाईला पहिला, चौथा, आठवा. एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेलो आणि खडूनं फरशीवर मांडत गेलो. शेवटी सतराच्या सतरा आकडे खाली उभे राहिले.

"म्हणजे देवीनं सगळंच पुस्तक दिलंय," मी म्हणालो. "फक्त वाटून दिलंय. पेपरात काहीही आलं तरी कुणाच्या ना कुणाच्या चिठ्ठीतलं लागणारच. ज्याचं लागलं तो दहा गावांत महाराजांचं नाव करणार. ज्याचं नाही लागलं, तो आपलीच भक्ती कमी पडली म्हणून गप्प घरी बसणार."

आण्णासाहेब उठले. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण ते सरळ महाराजांपाशी गेले, त्यांच्या शेजारचा कोरा गठ्ठा उचलला, वरचा कागद ताम्हणात टाकला आणि पळी ओतली. धडे आले. दुसरा टाकला. त्यावरही आले. ज्यांच्यापुढं अजून कुणी मूल बसलंच नव्हतं, त्या कागदांवर देवी आधीच लिहून मोकळी झाली होती. आठ-दहा कागदांनंतर त्यांनी पळी खाली ठेवली.

"महाराज," ते म्हणाले, "कळंबची एस्टी साडेपाचला हाय."

कुणी महाराजांवर हात टाकला नाही. पोतं मात्र तिथंच राहिलं. महाराज एस्टीत चढेपर्यंत शाळेतली चिल्लीपिल्ली त्यांच्या मागं "अकरावा धडा, अकरावा धडा" असं ओरडत गेली, एवढाच काय तो सत्कार.

परीक्षेला नेमके अकरा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात रडारड होती. दोरे कापून झाले होते, पण बारा-बारा धडे अंगावर आले होते.

"सर, आता काय व्हायचं?" जगदेवीनं विचारलं.

"माझे पाच तर पक्के झालेत," बब्रुवान म्हणाला. "कुठनंबी इचारा."

मी विचारलं. खरंच पक्के होते. तीन वर्षांत झालं नव्हतं ते आठ दिवसांत झालं होतं. आणि मला एकदम सुचलं, की महाराजांनी पुस्तक वाटून दिलंय ना, मग ते परत एकत्र करायचं. ज्याला जे पाच आलेत ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचे.

आण्णासाहेबांनी गोदामाची किल्ली पाठवली. संध्याकाळी चार ते सात. रोज दोन धडे. बब्रुवान फळ्यापुढं उभा राहिला तेव्हा त्याला घाम फुटला. पण त्यानं उष्णतेचा धडा बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी बसवतात ते सांगून असा काही समजावला, की मी ते उदाहरण पुढं कायमचं उचललं. दाराशी उभ्या असलेल्या कमलबाई तो शिकवताना पदर तोंडाला लावून बघत होत्या. अकरावा धडा पुतळाबाईनं घेतला. कामावरून थेट आली होती, अंगावर माती तशीच. शिकवताना एकदा जीभ अडखळली, तेव्हा जगदेवी म्हणाली, "सावकाश सांगा, ताई." तिला ताई म्हणणारं गावातलं ते पहिलं लेकरू.

विज्ञानाचा पेपर झाला. अकराव्या धड्यावर एका मार्काचाही प्रश्न आला नाही. पुतळाबाई केंद्राबाहेर मला म्हणाली, "बगा सर, आता म्या महाराज असते तर तुमी मला एस्टीत बसवलं असतं."

जूनमध्ये निकाल लागला. तेवीसपैकी चौदा पास झाले. आदल्या वर्षी नऊ झाले होते. बब्रुवानला विज्ञानात बावन्न मार्क पडले आणि इंग्रजीत तो पुन्हा गेला. ऑक्टोबरला बसला, तेव्हा सुटला. पुतळाबाई तिसऱ्या वर्गात पास झाली. इंग्रजीत तिला बरोबर पस्तीस होते. गुणपत्रिका तिनं आधी बनाबाईच्या हातात दिली. बनाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ती उलटीच धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "बेस लिहिलंय." त्या दिवाळीपासून पुतळाबाई गावच्या अंगणवाडीची ताई झाली.

आण्णासाहेबांनी मला काढलं नाही. कधी त्याचा उल्लेखही केला नाही. एकदाच, सोसायटीच्या ओट्यावर बसलो असताना ते आपणहून म्हणाले, "पोरगा तिसऱ्यांदा बसणार हुता, सर. माणूस काय काय करतो."

मला ते वाक्य कळतं. परीक्षा तोंडावर आली की मुलांना धडकी भरते, आईबापांना त्याहून जास्त. पाऊस नसला की शेतकऱ्याला भरते, आणि मला माझ्या नोकरीची भरली होती. घाबरणं हा काही गुन्हा नाही. पण घाबरलेल्या माणसाला सोपी वाट विकणारे नेमके त्याच वेळी गावात येतात आणि शहाण्यासुरत्यांची तोंडं नेमकी त्याच वेळी बंद होतात. माझं बंद होतं. एका माती वाहणाऱ्या बाईनं ते उघडलं, आणि तिच्याकडं त्यासाठी रोजचं धुणं आणि सरकारी पुस्तकातली एक ओळ याशिवाय दुसरं काही नव्हतं.

म्हणून माझं मागणं एवढंच. पुस्तकात जे वाचता ते घरात, रानात, चुलीपाशी घडतंय का ते बघत जा. डोळ्यांपुढं काही अजब घडलं तर हात जोडायच्या आधी विचारा, की हे झालं कसं? भर गर्दीत विचारा, आवाज कापला तरी विचारा. खरं सांगणारा माणूस प्रश्नानं रागावत नाही. तो तुम्हाला जवळ बसवून सगळं पुन्हा करून दाखवतो.